अकरा सतराचा मुहूर्त

मंजिरी टिळेकरच्या लग्नाचा मुहूर्त अकरा वाजून सतरा मिनिटांचा होता आणि तो ऐन वेळी बंद पडला. कार्यालयात अकरा सोळाच वाजून राहिले. मंगलाष्टकं चार वेळा म्हणून झाली. मुहूर्ताआधी अंतरपाट धरणाऱ्यांचे हात खाली आले तर लग्न मोडतं, हा नियम सगळ्यांना ठाऊक होता. म्हणून कुणी आरडाओरडा न करता सगळे त्या हातांकडे बघत राहिले. भटजींनी पंचांगातून मुहूर्त अलगद सोडवला, रुमालात बांधला आणि मुलीच्या वडिलांच्या हाती दिला. "अण्णा, मुल्लाचाचांकडं पळा."

कऱ्हाडात घड्याळजी पुष्कळ, पण मुहूर्त उघडणारे चाचा एकटेच. दुकानात एक गृहस्थ आपला राहुकाळ तेलपाण्याला घेऊन बसले होते. लग्नाचं काम म्हटल्यावर ते निमूट बाजूला सरकले.

चाचांनी डोळ्याला भिंग लावलं आणि चिमट्यानं मुहूर्ताचं झाकण काढलं. आत साठच्या साठ सेकंद दातात दात अडकवून बसले होते. चाचांनी एकेकाला उचललं, पुसलं, जागच्या जागी ठेवलं. कुणाला धक्का म्हणून लागला नाही. अण्णांना व्याही, वऱ्हाड, सगळ्याचा विसर पडला. आपण साठ वर्षं वेळ नुसता घालवला, तो आतून एवढा देखणा असतो हे कुणी सांगितलं कसं नाही, असं वाटून त्यांनी चक्क हात जोडले.

"यंत्र ठणठणीत हाय," चाचा म्हणाले. "काटा कुणीतरी दाबून धरलाय. अंगठा दाखवा बघू."

त्यांनी अण्णांचा अंगठा पाहिला, मग आतला ठसा पाहिला.

"तुमचाच हाय की ओ, अण्णा."

अण्णा ओशाळले. "मुद्दाम न्हाई धरला, चाचा."

"बापाकडनं हुतंय. महिन्याला चार तरी येत्यात असं. सोडा आता."

"तिकडं नेऊन सोडतो. मला बी अक्षता टाकायच्यात."

"तवर अंतरपाट धरणाऱ्यांचं हात खाली येतील. हितंच सोडाय लागंल."

अण्णांनी डोळे मिटले आणि काटा सोडला.

मुहूर्त चालू झाला. चाचांनी भिंग अण्णांच्या डोळ्याला लावलं. आत, विसाव्या सेकंदाच्या पलीकडे, अंतरपाट दूर झाला होता. मंजिरी हार हातात धरून गर्दीत कुणाला तरी शोधत होती.

"हितं हाय गं मी," अण्णा मुहूर्तात वाकून म्हणाले. "घाल तू."

तिनं मान हलवली आणि हार घातला.

अजून छत्तीस सेकंद होते. अण्णांनी त्यातल्या एकालाही हात लावला नाही.