काकवीची तेलविहीर

डॉ. सलिल गद्रे नऊ वर्षे जमिनीखालचे घट्ट तेल वर काढण्याच्या विवंचनेत होते. वारज्याच्या फ्लॅटमधले तुंबलेले बेसिन त्यांना मोकळे करता येत नसे, पण तो निराळा विषय. विद्रावकाची वाफ जमिनीत सोडायची, तिने तेल पातळ होऊन खाली ओघळते, मग ते उपसायचे, हा त्यांचा सिद्धांत. मार्चअखेर प्रयोग झाला नाही, तर प्रयोगशाळेला कुलूप लागणार होते.

त्यांनी मागणीपत्र भरले: 'नमुना, पाच लिटर. काळा, घट्ट, सहज न वाहणारा.' तेल हा शब्द त्यांना इतका उघड वाटला की लिहायचाच राहिला. खरेदी विभागाच्या मंदाकिनीबाईंनी नियमाप्रमाणे तीन दरपत्रके मागवली. सर्वांत कमी दर मार्केट यार्डातल्या गूळव्यापाऱ्याचा निघाला.

"अहो बाई, ही काकवी आहे!"

"काळी आहे ना?"

"आहे."

"घट्ट?"

"आहे, पण..."

"मग सही करा. परत पाठवली तर पुढची खरेदी जूनमध्ये."

सलिलरावांनी सही केली. काचेच्या पेटीत वाळू भरली, काकवी मुरवली, वाफ सोडली. काकवी ढिम्म हलली नाही. मग तीन दिवस सुट्टी आली. परतल्यावर पाहतात तो वाळू कोरडी ठणठणीत, आणि मुंग्यांची शेवटची रांग शिस्तीत खिडकीबाहेर चाललेली.

सलिलरावांना स्वतःची लाज वाटली. तरी त्यांनी अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिले, 'उपसा शंभर टक्के.' मनाला टोचणी नको म्हणून पान एक्केचाळीसवर लिहिले, 'नमुना काकवीचा होता. उपसा मुंग्यांनी केला.' कोणी विचारलेच तर कबूल करायचे, असे ठरवले.

सात जणांच्या समितीने अहवाल 'वाचून मंजूर' केला. शाल, नारळ आणि पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली. संचालक म्हणाले, "गद्रे, आता हेच खऱ्या विहिरीवर करा."

'या देशात कोणी काही वाचतच नाही!' सलिलराव संतापले. त्याच तिरमिरीत ते रविवारी सोसायटीच्या सभेला गेले. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा विषय निघाला. त्यांनी तोंडात बटाटेवडा असतानाच हात वर केला. त्या इतिवृत्तात कचऱ्याचे डबे त्यांच्या पार्किंगमध्ये हलवण्याचा ठराव होता, हे त्यांना सोमवारी गाडी काढताना कळले.

"हे मंजूर कुणी केलं?" ते ओरडले.

सगळ्यांनी. शेजारच्या खुर्चीवरून, वाचकहो, तुम्हीही. आणि हात दुसरा वडा मागायला वर केला होता, असे कृपया सांगू नका.