सबनीससरांचा सिद्धांत

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सत्यनारायणाचा प्रसाद हातावर पडताच "याची किंमत कोण मोजतंय?" असे विचारणारे गृहस्थ एकच आहेत. अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक सबनीससर. प्रश्नात खवचटपणा नसतो. तूप कोणी आणले हे कळेपर्यंत शिरा त्यांच्या घशाखाली उतरत नाही, इतकेच.

सर आमचे शेजारी. त्यांना बसलेले मी फारसे पाहिलेले नाही. वर्तमानपत्रही ते पॅसेजमध्ये येरझारा घालत वाचतात. निवडणुका जवळ आल्या की फेऱ्या वाढतात. बायकांच्या खात्यात दरमहा पैसे जमा करण्याची योजना जाहीर झाली, त्या दिवशी तर ते आमच्या दारावरून इतक्यांदा गेले की बायकोने मला विचारले, "यांचं काही हरवलंय का?"

त्यांचा सिद्धांत ठाम होता. "फुकटचा पैसा आला की माणूस काम कमी करतो. लिहून ठेवा."

वाद घालणे मला कधीच जमलेले नाही. ते जमायचे सुनंदाबाईंना. भांडुपहून येऊन त्या सरांकडे पोळीभाजी करत. भिंतीपलीकडून रोज ऐकू येई.

"सर, मग तुम्ही पेन्शन कशाला घेता? तुम्ही तरी कुठे कामाला जाता?"

"ती माझ्या सेवेची आहे."

"आणि आम्ही काय इतकी वर्षं झोपा काढल्या?"

"तो मुद्दा वेगळा."

"वेगळा कसा? आणि पायात फिरू नका हो, तवा तापलाय."

योजनेचे पैसे येऊ लागले आणि सुनंदाबाईंनी कामाच्या पाच घरांपैकी एक सोडले. गुडघ्यांसाठी जिने कमी करा, असे डॉक्टर केव्हापासून सांगत होते; आजवर परवडत नव्हते. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. सोडले ते तिसऱ्या मजल्यावरचे, सरांचे घर.

"झकास, सर," सेक्रेटरी म्हणाले, "तुमचं म्हणणं तुमच्या घरातच सिद्ध झालं ना."

सर हसले नाहीत. शेवटच्या दिवशी बाईंची पिशवी घेऊन ते तीन मजले उतरले. खालपर्यंत वाद चालूच होता.

त्यानंतर सरांकडे डबा येऊ लागला. भिंतीपलीकडून आता फक्त पावले ऐकू येत. ती मात्र दुपारीही थांबत नसत.

परवा सकाळी ते स्वतः लिहायला घेतलेल्या एका लेखाचे कागद घेऊन आमच्याकडे आले. "दुखऱ्या गुडघ्यांनी काम कमी केलं तर त्याला आळस म्हणायचं का, हे तपासून पाहतोय," असे काहीसे पुटपुटले आणि दारातच उभ्याने वाचू लागले.

पहिला परिच्छेद संपवून ते थांबले. मी काही खोडून काढतो का, म्हणून माझ्याकडे पाहत राहिले. ऐकले तेवढे मला पटले होते, म्हणून मी गप्पच राहिलो.

सरांनी तोच परिच्छेद, जरा मोठ्या आवाजात, पुन्हा वाचला.