घरी जाण्याचा सरकारी रस्ता

मोरोक्कोतल्या फेसच्या जुन्या शहरात परक्या माणसाबरोबर चालण्याचे तीन प्रकार आहेत. परक्याच्या पुढे चालणं म्हणजे मार्गदर्शन. त्याला बिल्ला लागतो. बरोबरीनं चालणं म्हणजे सोबत. तिला नात्याचा दाखला लागतो. मागून चालणं म्हणजे पाठलाग. त्याला काहीच लागत नाही, थेट कोठडी मिळते. नियम चांगला आहे. पूर्वी खोटे वाटाडे पाहुण्यांना बोळाबोळांतून फिरवून नको त्या दुकानात नेत आणि पाहुणे रडत मायदेशी जात. आता बिल्लेवाले नेतात आणि पाहुणे हसत जातात.

लल्ला बतूल, म्हणजे आपल्याकडच्या बतूलबाई, बहात्तर वर्षांच्या. जन्म याच शहरातला, लग्नही इथंच. माहेर आणि सासर यांत अंतर किती, तर माहेरी मळलेली कणीक फुगून यायच्या आत सासरच्या बोळातल्या भट्टीवर पोचावी, एवढं. त्या मंगळवारी त्या निळ्या वेशीपाशी नातीला घ्यायला गेल्या होत्या.

नात नूरा, एकोणीस वर्षांची. बाप लल्लांचा थोरला मुलगा, हॉलंडात गोदामावर कामाला. त्याला रजा मिळाली नव्हती. आई तिकडचीच. पोरीनं केस आणि रंग आईचा घेतला होता, नाक मात्र आजोबांचं. आजोबा म्हणजे सी ताहेर; 'सी' हे इथलं 'राव'. पन्नास वर्षं त्यांनी पिवळ्या बल्घा शिवल्या, टाच दुमडलेले ते चामडी जोडे. दोन वर्षांपासून पायांनी दगा दिला होता आणि माडीवरून खाली उतरणं बंद झालं होतं. नातीला त्यांनी शेवटचं पाहिलं तेव्हा ती चार वर्षांची होती. त्यानंतर भेट झाली ती फोनच्या काचेतून. "एकदा पोरीच्या हाताला हात लागू दे," एवढंच ते म्हणत. नूराला नऊ दिवसांची सुट्टी मिळाली होती आणि वेशीपासून घर तीनशे पावलांवर होतं.

चाळीस पावलं झाली असतील. लल्ला म्हणाल्या, "ती बघ, तुझ्या बाबाची शाळा." आणि बोट दाखवलं.

शिट्टी वाजली.

"लल्ला, बोट कुणी दाखवलं?" हवालदार बूश्तानं वही उघडली.

"मी. का रे?"

"ऐतिहासिक वास्तू दाखवणे, बिल्ल्याशिवाय," असं म्हणत त्यानं तेच लिहून घेतलं.

"ऐतिहासिक कसली डोंबलाची! तूही तिथंच छड्या खाल्ल्यास. तुझी आई माझ्या अंगणात वाटाणे सोलायला यायची."

"म्हणून तर लल्ला म्हणतोय. नाहीतर आरोपी म्हटलं असतं."

"अरे, ही माझी नात आहे!"

"सगळे तेच म्हणतात. मागच्या महिन्यात एकानं अकरा जपानी नातवंडं आणली होती."

तेव्हा नूरा पुढे झाली. तिची सगळी भाषा फोनवर आजीकडून शिकलेली. ती म्हणाली, "लेकरा, अल्ला तुझ्या आईबापावर दया करो. माझे गुडघे फार दुखतायत रे, वाट सोड."

हवालदार दोन पावलं मागे सरला. मग त्यानं वहीत आणखी एक ओळ वाढवली: परकी स्त्री, वय एकोणीस, बोलते सत्तरीची, फसवणूक बऱ्याच वर्षांपासून चालू असावी.

कचेरीत सी जवाद नावाचे साहेब होते. फार सज्जन माणूस. त्यांनी आधी चहा मागवला, मग गुन्हा वाचला.

"नात्याचा दाखला आणा, लल्ला. विषय संपला."

"कुठं मिळतो?"

"वॉर्डाच्या कचेरीत. तुमच्याच बोळाच्या टोकाला. मुलीला जातीनं हजर करा."

"मग नेऊ का तिला?"

"नेऊ कशा शकाल? दाखला कुठाय?"

लल्लांनी चहाचा घोट घेतला. "ती एकटी जाईल. मी लांब पुढे चालते, ती माझ्याकडे बघत येईल."

"ते दूरस्थ मार्गदर्शन. त्याला वेगळं कलम आहे."

"तिनं कुणाला विचारलं तर?"

"जो उत्तर देईल तो आत."

"मग ह्यांनाच वेशीपर्यंत आणते. गाढवावर बसवून."

"गाढवावर सामान चालतं. माणूस बसला की ती मनोरंजनाची सवारी होते," साहेब हळहळून म्हणाले. सी ताहेरांना फोनवर विचारलं, तेव्हा त्यांनीही नकार दिला. या वयात गाढवावरून धिंड नको, असं त्यांचं म्हणणं पडलं.

बिल्लेवाला वाटाड्या करावा, तर तो एकट्यादुकट्याला मिळत नव्हता. सगळे गटांना दिलेले. साहेबांनी बराच वेळ रजिस्टर चाळलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "सापडलं! 'मोरोक्को मनमुराद: शहरं, डोंगर, वाळवंट.' हा गट सहाव्या दिवशी दुपारी तुमच्याच बोळातून जातो."

"मग आम्ही वेशीपाशी त्यांना गाठतो."

"मधेच चढता येत नाही. विमा असतो. परवा सकाळी कासाब्लांकाला हजर व्हायचं."

अशा रीतीनं लल्ला बतूल आपल्या घरापासून दोनशे साठ पावलांवरून उठल्या आणि घरी जाण्यासाठी आगगाडीनं कासाब्लांकाला गेल्या. त्यांच्या गळ्यात केशरी पट्टी आली: पर्यटक क्रमांक एकोणीस. नूरा अठरा. पुढे केशरी छत्री उंच धरून चालणारा वाटाड्या सी मुनीर. त्याच्या छातीवर बिल्ला बशीएवढा.

"मंडळी, तीन गोष्टी लक्षात ठेवा," त्यानं बसमध्ये सांगितलं. "छत्री सोडू नका. नळाचं पाणी पिऊ नका. स्थानिकांशी बोलू नका."

नूरानं हळूच आजीकडे पाहिलं. "मग मी तुझ्याशी बोलू का?"

"पट्टी दिसतेय तोवर बोल," लल्ला म्हणाल्या.

माराकेश पंचवीस मिनिटांत झालं. त्यानंतर गालिच्यांच्या दुकानात दोन तास मोकळा वेळ होता, म्हणजे दाराला कडी लावलेली होती आणि आत मोकळं फिरता येत होतं. पुढल्या बाकावरची एक बेल्जियन बाई लल्लांचे येताजाता फोटो काढी. तिसऱ्या दिवशी तिनं सी मुनीरला विचारलं, "ह्या आजीबाई प्रत्येक सहलीत असतात की फक्त आमच्या?" सी मुनीर छान हसला. नाही म्हणाला नाही.

डोंगरात एका घरी 'अस्सल पाहुणचार' होता. ते घर इत्तो नावाच्या बाईचं. चहाचे तीन पेले झाल्याशिवाय पाहुणा उठत नाही, ही तिकडची जुनी रीत. पण कार्यक्रमात अकरा मिनिटं असल्यामुळे दीड पेल्याला परवानगी होती. इत्तोनं पेले भरताना लल्लांची बसण्याची ढब पाहिली आणि जवळ सरकली.

"तू कुठली गं बाई?"

"फेसची."

"मग इथं काय करतेस?"

"घरी चाललेय."

"फेसला? हा कुठला रस्ता काढलास?"

"सरकारी."

इत्तोनं किटली खाली ठेवली. "आमचंही तसंच बाई. माझ्या बहिणीला माझ्याकडे जेवायला यायचं तर गट जाईपर्यंत गोठ्यात बसावं लागतं. तिच्या अंगावर स्वेटर असतो ना. अस्सल दिसत नाही."

छत्री वर झाली. उरलेला अर्धा पेला तसाच राहिला. उष्टा पेला टाकून उठणं लल्लांच्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं.

वाळवंटात उंटावर बसावं लागलं, कारण 'सर्वांनी सूर्यास्ताचा आनंद घेणे' असं छापील होतं. लल्लांनी आयुष्यभर सूर्यास्त गच्चीवर वाळलेले कपडे काढता काढता पाहिला होता आणि त्यासाठी कधी कशावर चढावं लागलं नव्हतं. उंट उठला तसं त्यांनी अल्लाचं नाव घेतलं आणि नूराचं मनगट धरलं. त्याच वेळी फोन वाजला.

"कुठं पोचलात?" सी ताहेरांनी विचारलं.

"उंटावर."

"बतूल, मी गाढवाला नाही म्हणालो म्हणून सूड उगवतेस का?"

सहाव्या दिवशी दुपारी केशरी छत्री निळ्या वेशीतून आत शिरली. नूराचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. बोळासाठी कार्यक्रमात चौदा मिनिटं होती. शाळा मागे पडली, भट्टी आली, भाकऱ्यांचा वास आला. लल्ला लहान होत्या तेव्हा या बोळात कुणी परका चुकला की बायका दारातूनच विचारीत, "कुणाकडे आलात? जेवलात का?" आणि तो आधी जेवे, मग त्याला पत्ता सापडे. तेव्हा कुणालाच बिल्ला नव्हता, त्यामुळे किती लोक बेकायदा जेवले याची नोंद नाही.

सी मुनीर एका दारापुढे थांबला. "मंडळी, हे चौदाव्या शतकातल्या एका काझीचं घर. शंभर वर्षं ओस पडलंय. म्हणतात, माडीवरून अजून खोकल्याचा आवाज येतो."

माडीवरून खोकल्याचा आवाज आला. सगळे शहारले.

"ते माझे यजमान आहेत," लल्ला म्हणाल्या.

"प्रश्न शेवटी, एकोणीस नंबर."

"प्रश्न नाही रे बाबा, घर आहे माझं! पोरीला पाच मिनिटं वर नेते. तिचे आजोबा वाट बघतायत."

सी मुनीरनं छत्री खाली घेतली आणि तो खरोखरच कळवळून बोलला. त्यालाही आजोबा होते. "लल्ला, गट सोडून परकीला घेऊन घरात शिरलात की तुम्ही पुन्हा खोट्या वाटाड्या. माझा बिल्लाही जाईल. घरात नेता येतच नाही."

"मग कशात येतं?"

"दुकानात. घर असेल तर एक मिनिटही नाही. दुकान असेल तर पाऊण तास."

लल्लांनी वर जाळीच्या खिडकीकडे पाहिलं. मग दारातल्या खुंटीला अडकवलेला बल्घांचा एक जुना जोड काढून त्यांनी बाहेरच्या खिळ्याला टांगला.

"या," त्या म्हणाल्या. "दुकान आहे."

एकोणीसच्या एकोणीस माणसं माडीवर चढली. सी ताहेर नवा पायघोळ जेलाबा घालून, दाढी नीट करून गादीवर बसले होते. एवढी माणसं पाहून ते गोंधळले. मग गर्दीतून त्यांना आपलंच नाक येताना दिसलं.

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. नूरानं ते धरले आणि आजीच्याच सुरात म्हणाली, "कसे आहात हो? पाय फार दुखतायत का?" म्हातारा रडायला लागला. नूराही रडायला लागली. बेल्जियन बाईनं रुमाल काढला. सी मुनीर हलक्या आवाजात म्हणाला, "पारंपरिक कारागीर." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"फार सुंदर," कुणीतरी म्हणालं. "दिवसातून किती वेळा असतं हे?"

चव्वेचाळिसाव्या मिनिटाला छत्री वर झाली. नूराच्या हातातून हात सोडवताना सी ताहेर एवढंच म्हणाले, "पुन्हा ये." ती म्हणाली, "उन्हाळ्यात येते. नक्की."

यात कायद्याचा भंग कुठेही झाला नाही. झालं ते इतकंच, की एकदा दुकान म्हणून नोंदलेली जागा पुन्हा घर म्हणून नोंदता येत नाही. लल्ला कचेरीत गेल्या तेव्हा सी जवादांनी चहा मागवला आणि समजावून सांगितलं. नूराला उन्हाळ्यात यायचं तर गटातून यावं लागणार. गट थांबायचा तर दुकान कार्यक्रमात हवं. आणि दुकान कार्यक्रमात राहायचं, तर लोकांचे अभिप्राय चांगले हवेत. तसे ते चांगलेच होते. 'सहलीतला सर्वांत खरा क्षण,' असं बेल्जियन बाईनं लिहिलं होतं. दुसऱ्या एकानं मात्र एक तारा कमी दिला होता: आजी रडत नाही.

"तेवढं जमवा," साहेब म्हणाले.

नातीसाठी लल्लांनी तेही जमवलं. दर मंगळवारी केशरी छत्री येते, सी ताहेर गादीवर बसतात, लल्ला ओढणीआड कांदा धरून उभ्या राहतात. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर आता ना उंट ना डोंगर. तिथं म्हाताऱ्याचे दोन हात आहेत आणि खाली लिहिलंय, 'आजोबांना भेटा.'

वसंतात लल्लांनी सहलीच्या कचेरीला फोन लावला. "माझ्या नातीचं नाव घाला. जुलैची सहल."

"जुलै भरला, लल्ला. ऑगस्टही. वेटिंगवर एकशे बेचाळिसावी घालू?"

"अरे, एवढी माणसं येतायत कशाला?"

"आजोबा आणि नातीची भेट बघायला."

"मग नात नको का?"

"नाही तरी चालतं," पलीकडचा माणूस अदबीनं म्हणाला. "गटातलं कुणीही पुढे होतं. लोकांना आवडतं ते."

आणि चालतंच. तुमची जागा पक्की झाली असेल तर अभिनंदन. या दिवसांत ती सहजी मिळत नाही. सहाव्या दिवशी दुपारी माडी चढाल. म्हातारा हात पुढे करील, तो संकोच न करता धरा. तो तुमच्याकडे बघणार नाही. तुमच्या खांद्यावरून जिन्याकडे, शेवटचं माणूस वर येईपर्यंत बघत राहील. मनाला लावून घेऊ नका. फोटोत ते दिसत नाही.