सारंग नावाड्याचा खून

प्रफुल्ल उगेमुगेनं त्या रविवारी नावाड्याला नाव दिलं नसतं, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. बिननावाचा नावाडी माणसांना नदीपार सोडतो, बिडी पेटवतो आणि कथेतून निघून जातो. नाव मिळालं की तो घरात शिरतो.

पण आधी खेळ सांगितला पाहिजे. प्रफुल्ल सेवाग्रामच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचा. दिवसभर तो तीनच वाक्यं बोलायचा : श्वास घ्या, रोखा, सोडा. चौथं वाक्य ऐकायला कोणी थांबत नसे. (घरी तर पहिलंही कोणी ऐकत नसे.) अशा माणसाला पुण्याच्या मावसभावानं दिवाळीत एक खेळ आणून दिला. टेबलाभोवती चारजण बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, तो गेम मास्टर. बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि ‘मी आता दार तोडते’, ‘मी विहिरीत उतरतो’ असं बोलायचं. ते जमलं की नाही, हे वीस तोंडांचा फासा ठरवणार; आकडा जितका मोठा तितकं यश. दार, विहीर, राक्षस, राजा, वाटेत भेटणारं प्रत्येक माणूस, सगळं गेम मास्टरच्या तोंडून येणार. आणि वाद झाला तर नियम एकच : गेम मास्टरचा शब्द शेवटचा.

हे शेवटचं वाक्य प्रफुल्लनं पुस्तकात दोनदा वाचलं आणि खेळ त्याच दिवशी सुरू केला.

खेळाडूही घरातल्या घरात मिळाले. बायको जागृती, शाळेत गणित शिकवणारी. ती खेळात चंद्रिका नावाची तिरंदाज झाली. वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी नर्स अंकिता, ती चोर झाली. आणि शेजारचे चंद्रभान थूल काका. हे निवृत्त ग्रामसेवक, म्हणून जादूगार झाले. पण जादू करण्याआधी ‘याले मंजुरी कोणाची?’ असं विचारायची सवय काही सुटली नाही. प्रफुल्लनं एक्स-रेची दोन रिकामी पाकिटं टेबलावर उभी केली. त्या आडोशामागं तो फासा टाकायचा, म्हणजे राक्षसाच्या मनातलं कोणाला दिसू नये. समोर कूलर, बशीत वर्ध्याची गोरसपाक बिस्किटं. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की राज्य सुरू.

तर त्या रविवारी प्रफुल्लचा घसा बसला होता. आदल्या दिवशी केळझरला एका लग्नात त्यानं कुल्फीवर कुल्फी खाल्ली होती. आवाज पार विहिरीच्या तळातून येत होता. खेळात मंडळी नदीवर पोचली, तेव्हा त्यानं एक नावाडी उभा केला आणि त्याच घोगऱ्या आवाजात, नावाडी परमुलखातला वाटावा म्हणून अगदी शुद्ध मराठीत बोलला :

“दमलात का बाईसाहेब? बसा. पाणी खोल आहे, पण नाव माझी आहे. काळजी करू नका.”

जागृतीनं हातातला गोरसपाक बशीत परत ठेवला.

“तुमचं नाव काय?” तिनं विचारलं. असं हळू, असं गोड, की प्रफुल्लनं मागं वळून पाहिलं.

“सारंग,” तो म्हणाला. सुचलं ते बोलून गेला.

इथून वाट फिरली. खजिना होता डोंगरात आणि चंद्रिकाला दर रविवारी काम निघायचं नदीवर. कधी तिचा बाण घाटावर राहायचा, कधी तिला पाण्याचा रंग पाहायचा असायचा. काका म्हणायचे, “अवं पोरी, डोंगर तिकडं हाय.” तर ती म्हणायची, “सारंगले विचारून तं घेऊ, काका. त्याले सगळं मालूम असते.”

प्रफुल्लला आधी मजा वाटली. आपल्या पात्रानं जीव धरला म्हणून छाती फुगली. मग एका सकाळी जागृती कांदा चिरताना आपल्याशीच म्हणाली, “सारंग किती समजून बोलते. नाईतं काही लोकं. पेपरातून तोंडच काहाडत नाई.”

प्रफुल्लनं पेपरातून तोंड काढलं. “अवं, सारंग म्हंजे मीच हावो ना!”

“तुम्ही कायचे? तुम्ही तं नुसता आवाज देता त्याले.”

पुढच्या रविवारी सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, झाली. एरवी दहादा म्हणावं तेव्हा एकदा होते ती, न म्हणता झाली. प्रफुल्ल खुशीत आला. “आज काऊन बाप्पा?”

“सारंगले आवडते.”

“कवा म्हणाला तो?”

“मांगच्या रविवारी. तुम्ही होते ना तिथं!”

होता. त्यानंच म्हटलं होतं. पण त्या क्षणी त्यानं हातातली वडी ताटात परत ठेवली. परक्याच्या नावानं आलेलं ताट आपण खातोय, असं त्याला वाटलं. (चार खाल्ल्या, पण मन लागलं नाही.)

मत्सर वाईटच; पण ज्याचा मत्सर करावा तो निदान समोर तरी असतो. त्याच्या नोकरीला, मिशीला, मोटरसायकलला नावं ठेवता येतात. प्रफुल्लनं सारंगचा विचार केला की आरशात आपणच दिसायचं. त्यानं आरशासमोर उभं राहून तो आवाजही काढून पाहिला. घसा आता बरा झाला होता, त्यामुळं ताण द्यावा लागला. मग स्वयंपाकघरात जाऊन, हात मागं बांधून तो म्हणाला, “जागृती, काळजी करू नका.”

“घसा बसला का पुन्हा?” जागृती वळूनही न पाहता म्हणाली. “मिठाच्या गुळण्या करा.”

त्या दिवशी प्रफुल्लनं ठरवलं : सारंगला जगू द्यायचं नाही.

रविवारी नदीला पूर आला. पावसाळा नव्हता, ढग नव्हते, पण आला. प्रफुल्लनं पाकिटांमागं फासा टाकला, भुवया चढवल्या आणि दुःखी चेहरा करून सांगितलं, “एक पडला. नाव उलटली. सारंग बुडाला.”

“नावाडी?” जागृती म्हणाली. “नावाड्याले पोवता येते.”

“पाय अडकला.”

“कायच्यात?”

“शेवाळात.”

“मी उडी मारते.” तिनं आपला फासा टाकला. वीस. अंकितानं टाळ्या वाजवल्या. नियमानं सारंग काठावर आला, खोकला आणि जगला.

“तेवढ्यात मगर आली,” प्रफुल्ल म्हणाला.

काकांनी कोणाचीही मंजुरी न घेता मगरीचा दगड केला.

“तेवढ्यात वीज पडली.”

“कोणावर?”

“सारंगवर. थेट. राख झाली. फासा टाकायची गरज नाई, गेम मास्टरचा शब्द शेवटचा.”

जागृती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि दोन्ही पाकिटं आडवी केली. मागं फासा जिथं पडला होता तिथंच होता. त्याच्यावर सतरा होते.

“सतरा,” ती म्हणाली. वर्गात चोरी पकडल्यावर बोलतात त्या आवाजात. “हा एक आहे का?”

“तो... दुसऱ्या कामासाठी टाकला होता,” प्रफुल्ल म्हणाला.

त्या आठवड्यात घरी फक्त वरण-भात झाला. फोडणी नाही, लोणचं नाही, पापड नाही. प्रफुल्लनं भीत भीत विचारलं, तर उत्तर आलं, “घरात माणूस मेला हाय.” गावातून परतताना अंकिता जिन्यात भेटली, तीही ‘खुनी’ असं पुटपुटून वर गेली. दवाखान्यात त्यानं एका म्हाताऱ्या पेशंटला ‘श्वास रोखा’ म्हटलं आणि ‘सोडा’ म्हणायचं विसरला. म्हातारा निळा व्हायच्या आत स्वतःच सोडता झाला, म्हणून बरं.

शेवटी काकांनी प्रकरण हाती घेतलं. आपल्या गावी ते तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष राहिले होते. रविवारी त्यांनी टेबल भिंतीला लावलं, जागृतीला या बाजूला बसवलं, प्रफुल्लला त्या बाजूला, आणि घसा खाकरला.

“मी धुऱ्याचं, वावराच्या बांधाचं भांडण मिटवलं, दुसऱ्याच्या तुरीत बैल घुसल्याचं मिटवलं. पण जो जलमलाच नाई त्याचा खून माह्याकडं पयल्यांदाच आला. मास्तर, सांग. काऊन मारलं?”

“पूर आलता...”

“खोटं नाई बोलायचं.”

प्रफुल्लनं छताकडं पाहिलं, कूलरकडं पाहिलं. “मी जळून राह्यलो होतो, काका.”

“कोणावर?”

“सारंगवर.”

“म्हंजे कोणावर?”

“म्हंजे...” प्रफुल्लचा आवाज बारीक झाला. “माह्यावर.”

अंकितानं तोंडात ओढणी कोंबली. काका मात्र हसले नाहीत. पंच हसला की निवाडा गेला, हे त्यांना ठाऊक होतं. ते जागृतीकडं वळले. “तुह्यं काय म्हणणं हाय, पोरी?”

जागृतीनं टेबलावरचा फासा उचलून मुठीत धरला. मग म्हणाली, “काका, शाळेतून येते, पायाचे तुकडे पडलेले असतात. याइनं कधी विचारलं नाई, दमली का म्हणून. त्यानं पयल्याच दिवशी विचारलं.”

“पण ते मीच विचारलं!” प्रफुल्ल ओरडला.

“मंग घरी काऊन नाई विचारत?”

याला पुस्तकात नियम नव्हता. प्रफुल्ल खरंच, मनापासून शरमला.

काकांनी निवाडा दिला. खेळ चालू असताना मास्तरचा शब्द शेवटचा. भांडायचं असन तं खेळ झाल्यावर, चहा घेताना. फासा पाकिटामागं नाही, पाकिटापुढं. मास्तरनं घरच्या माणसाचा राग खेळातल्या माणसावर काढायचा नाही. आणि सारंग जिता करायचा. “राख झाली ते दुसऱ्याच कोणाची असन. चौकशी नीट झाली नवती.”

सगळ्यांना मान्य झालं. जागृतीनं त्याच दुपारी भजी तळली, आणि प्रफुल्लनं आपल्या स्वतःच्या फाटक्या आवाजात विचारलं, “दमली का वं?” ती लाजून ‘चला, काहीतरीच’ म्हणाली. इथं गोष्ट संपली असती तर प्रफुल्ल आज सुखात असता.

पण सावध माणूस थांबत नाही. सारंग जिता करायचाच, तर बंदोबस्त करून करावा, असं त्याच्या मनानं घेतलं. पुढच्या रविवारी धुक्यातून नाव आली. नावेत सारंग उभा होता, आणि त्याच्या शेजारी एक बाई.

“ही माझी पत्नी,” सारंग म्हणाला.

“बायको?” जागृतीनं विचारलं. “कशी दिसते?”

प्रफुल्लला या प्रश्नाची तयारी नव्हती. पण बायको म्हटल्यावर डोळ्यांसमोर जी आली, तिचंच वर्णन त्यानं केलं. दोन वेण्या, शिडशिडीत अंग, हसताना डाव्या गालाला खळी, सायकल अशी चालवते की वाऱ्यानं तिच्या मागं पळावं. सांगता सांगता त्याचा आवाज ओला झाला. काकासुद्धा म्हणाले, “वा, मास्तर.”

मंडळी गेल्यावर जागृतीनं बशा उचलल्या आणि सिंकमध्ये जरा जास्तच जोरात ठेवल्या.

“कोण हाय ते?”

“कोण?”

“तेच. दोन वेण्यावाली. एवढं मन लावून सांगून राह्यले होते, पाहूनच बोलत असान ना कोणाले? दवाखान्यात हाय का?”

“अवं जागृती, तूच ते!” प्रफुल्लला हसू आवरेना. “लगनाआधी तुले पाह्यलं होतं ना मी, आष्टीच्या बाजारात, सायकलवर. तेच सांगितलं.”

जागृतीचा चेहरा क्षणभर उजळला. प्रफुल्लनं तो पाहिला आणि त्याला वाटलं, जिंकलो. मग तो चेहरा हळूहळू विझला.

“लगनाआधीची,” ती म्हणाली. “म्हंजे आताची नाई.”

“तसं नाई वं...”

“शिडशिडीत म्हणे. अन् आता?”

शब्द शेवटचा असायला आधी शब्द तरी पाहिजे. घाबरून प्रफुल्लनं छाती भरून श्वास घेतला आणि उरला होता तो एकच उपाय केला. विहिरीच्या तळातला आवाज काढून, अगदी शुद्ध मराठीत तो म्हणाला :

“बाईसाहेब, आपण आजही तितक्याच सुंदर दिसता.”

जागृतीनं पदर सावरला आणि दोन पावलं मागं सरली.

“सारंग, तुम्ही तं बोलूच नका,” ती म्हणाली. “लगन झालेल्या माणसानं परक्या बाईसंगं असं बोलणं शोभत नाई.”

आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.