जनूची मुकी गाडी

आमचा जनू गाडी चाटतो. चेष्टा नाही करत. जुनी गाडी बघायला गेला की तो किंमत विचारत नाही, कागद मागत नाही. अंगातला सदरा काढतो, घडी घालून माझ्या हातात देतो, उताणा होऊन गाडीखाली सरकतो आणि लोखंडाला जीभ लावतो. निकाल खालूनच येतो. "खारट." नाहीतर, "बरी हाय."

लोक हसतात. हसू देत. नागावच्या किनाऱ्यावर पाहुणे येतात, मौजेपायी गाडी वाळूत घालतात, चाकं लाटेत भिजवून फोटो काढतात. वर्षभरात गाडी खालून चाळण होते. मग मालक वरून रंग मारतो आणि म्हणतो, घरची गाडी आहे, फक्त देवदर्शनाला काढायचो. "माणूस खोटं बोलतो, भावजी," जनू म्हणतो. "रंगपण खोटं बोलतो. मीठ न्हाय बोलत."

जनू माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. साठी उलटली, लग्न केलं नाही, कुणी करूनही दिलं नाही. आमच्या समोरच राहतो, मधे एक कुंपण आणि चार सुपाऱ्या. बोर्ली ते तालुका अशी त्यानं तीस वर्षं जीप चालवली. दार कुणी आपटून लावलं की गाडी थांबवायचा, त्या माणसाला खाली उतरवायचा आणि परत हळू लावायला लावायचा. "तिला लागतं," म्हणायचा. एकदा एका फौजदाराला उतरवला होता. संध्याकाळी जीप अंगणात लावली की बॉनेटवर तीनदा थापटून "झोप आता" म्हणायचा, मगच स्वतः जेवायचा. माझी बायको त्याला चिडवायची, "जनू, तुझ्या बायकोला पेज वाढू का रे थोडी?"

आता पुढचं सांगून टाकतो. लपवून काय करायचंय.

गेल्या साली भाताची झोडणी संपली त्या आठवड्यात, दुपारी साडेतीनला, बायकोच्या छातीत कळ आली. जनूनं जीप काढली. मी पाठी बसलो, तिला गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतली. घाट चढून गेलं की एक सपाटी येते, तिथं ऐनाचं मोठं झाड आहे. त्या झाडाखाली जीप बंद पडली. तिथून दवाखाना तीन किलोमीटर. जनूनं पंप मारला, हातोडी मारली, लाथा मारल्या, शेवटी बॉनेटवर डोकं टेकून जीपची विनवणी केली. रस्त्याला कुत्रं नव्हतं. बायको म्हणाली, "जनूला ओरडू नका." ते तिचं शेवटचं. टेंपो आला तोवर ती गेली होती.

आणि मी ओरडलो. म्हणालो, "तुझ्या गाडीत परत पाय ठेवणार न्हाय. मेलो तर खांद्यावरनं न्या."

त्यानं जीप भंगारात घातली. ती कापून संपेपर्यंत तिथं उभा राहिला म्हणतात. बोलणं आम्ही तोडलं नाही. दोघांना दुसरं होतं कोण? फक्त त्या दिवसाचं बोलायचं नाही, हे न बोलता ठरलं.

मग त्यानं गाडी शोधायला काढली. मी म्हटलं, "आता कशाला रं? धंदा तर सोडलास."

"असावी," म्हणाला.

सदरा धरायला मी लागायचोच. त्याच्या गाडीत बसणार नव्हतो, पण एसटीत त्याच्या शेजारी बसायला काय झालं? गावोगाव फिरलो. आठ-दहा गाड्या चाटून झाल्या. एका ठिकाणी मालकाच्या सुनेनं खिडकीतून बघितलं आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली, तिला वाटलं फिट आली.

उरणला ती गाडी मिळाली. पांढरी, पाच-सहा वर्षांची. दलाल तरतरीत होता. म्हणाला, "काका, ही हायब्रीड. इंजिन पेट्रोलचं, जोडीला बॅटरीवरची मोटर. गाडीला वाटेल तेव्हा ती स्वतःच इंजिन बंद करते, स्वतःच चालू करते. एक टाकी भरा, तुमच्याकडून मुंबईला दोनदा जाऊन या. सगळ्या सर्व्हिसचे शिक्के आहेत पुस्तकात."

जनू खाली जाऊन आला. "बरी हाय," म्हणाला. मग त्यानं पेचकस काढला. त्याची दुसरी परीक्षा ती. पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकायचं.

"चालू कर."

"चालूच आहे, काका."

"मग आवाज?"

"आवाज नसतो."

जनूनं इकडं लावला, तिकडं लावला. गाडी तपासताना त्याचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदा बघितला. "भावजी," हळूच म्हणाला, "नाडीच लागंना."

दलालानं बॉनेट बंद केलं, आत बसला, आणि गाडी आमच्याकडे सरकली. आवाज नाही, धूर नाही, थरथर नाही. भरल्या उन्हात नुसती जवळ आली. जनू उघड्या अंगानं माझ्या गळ्यात पडला. तेवढ्यात आतून इंजिन आपोआप घुमायला लागलं, तसे त्यानं तिला हातच जोडले.

पण हटला नाही. पाठच्या सीटच्या बाजूला एक जाळी होती. बॅटरी सीटखाली असते, तिला गार ठेवायला तिथून हवा ओढतात. जनूनं जाळी खोलली. आत धुळीत लांब केस निघाले. बोटाला गुंडाळून उजेडात धरले आणि म्हणाला, "बाईमाणूस बसायची पाठी. म्हंजे गाडी जपून हाकलेली हाय." मग दलालाला विचारलं, "इंजिन पारच मेलं, तर नुसत्या बॅटरीवर किती जाईल?"

"तसं चालवायचं नसतं, काका."

"चालवली तर?"

"सपाटीला, हळू गेलात, बॅटरी भरलेली असली तर... दोन-तीन किलोमीटर जाईल."

"तीन?"

"तीन धरा."

जनूनं माझ्याकडे बघितलं नाही. मी रस्त्यावरून जाणारे कंटेनर बघत राहिलो.

"घेतली," तो म्हणाला. तो गाडीनं घरी आला. मी एसटीनं.

गावानं गाडीचं नाव मुकी ठेवलं. माणसं वाटेनं चाललेली असायची, आणि पाठीला काहीतरी आहे असं वाटून वळायची, तर मुकी हातभर अंतरावर उभी. जनू हॉर्न वाजवत नाही. "दचकतात माणसं," म्हणतो. आमचा कुत्रा सायकलवर भुंकतो, मुकीवर कधी भुंकला नाही. ती आली की ओट्याखाली जाऊन बसायचा.

आणि ती रोज यायची. बरोबर साडेतीनला. माझ्या फाटकासमोर थांबायची, घटकाभर उभी राहायची, आणि घाटाकडे निघून जायची. मी आत पडून असायचो. ऐकू काहीच यायचं नाही, पण ती आली की कळायचं. सुपारीतले पक्षी गप व्हायचे. मी उठून बघायचो नाही. माझ्याही छातीत हल्ली कळ येते. डॉक्टर म्हणाला होता, महिन्याला येऊन दाखवा. मी जात नव्हतो. कशासाठी जायचं?

एक दिवस मासळीवाली सोनीबाई पाटी उतरवून ओट्यावर बसली. मासळी काढीना.

"दादा, रागावू नका. जनूच्या गाडीत पाठी कोण असतंय?"

"कोण असणार?"

"घाटात बघितली मी. डोक्यावरनं गोधडी घेतलेली. ताठ बसलेली. हिरव्या काठाची गोधडी, दादा. तुमच्या मंडळींनी शिवली ना, तशी."

मी तिला हाकलली. पण ती गोधडी दवाखान्यात राहिली असं मी धरून चाललो होतो. घरात तर नव्हती.

दुसऱ्या दिवशी तीनपासून फाटकात उभा राहिलो. वारा नव्हता. साडेतीनला सुपाऱ्यांच्या आडून काच चमकली आणि मुकी आली, पाण्यावरून यावी तशी. पाठच्या काचेत ती होती. हिरवा काठ कपाळावर. मान जरा एका बाजूला, माझ्या खांद्यावर टाकायची तशी. पट्टा लावलेला.

माझ्या तोंडून तिचं नाव निघालं. दार उघडलं आणि गोधडी ओढली.

तांदळाचं पोतं.

"हळू," पुढून जनू म्हणाला. "तोंड नीट बांधलेलं न्हाय."

"जन्या! येडा झालास काय रं?"

"सत्तेचाळीस किलो हाय," तो म्हणाला. "गिरणीच्या काट्यावर करून घेतलंय."

दरवर्षी भात भरडायला गिरणीवर गेलो की सगळी पोती चढवून झाल्यावर ही शेवटी स्वतः काट्यावर चढायची. 'बघा बघा, माझं पोतं किती भरलं?' म्हणून हसायची. शेवटच्या साली सत्तेचाळीस भरलं. ते मलाही आठवत होतं. त्यालाही आठवत होतं, हे मला माहीत नव्हतं.

"रिकामी गाडी कुठलीबी घाट चढते, भावजी," जनू स्टेअरिंगला धरूनच बोलत होता. "म्हणून वजन टाकून नेतो. हितनं निघायचं, दवाखान्याच्या दारात लावायची, परत यायचं. पाऊस पडो, ऊन पडो. एकदाबी थांबली न्हाय. एकदाबी."

"आणि गोधडी?"

"पोतं घसरतं सीटवरनं." मग म्हणाला, "जीपमधी राहिलेली. भंगारवाल्याला न्हाय दिली."

"आता न्यायचं कोणाला हाय रं दवाखान्यात?"

तो आरशात बघत राहिला. "तुमी हाव न्हवं," म्हणाला.

कुत्रा ओट्याखालून बघत होता. मी म्हटलं, "पोतं काढ. मी बसतो."

पोतं आम्ही दोघांनी उचलून ओट्यावर ठेवलं. त्यानं गोधडी झटकून सीटवर पसरली. मी मधोमध बसलो आणि दार हळू लावलं.

घाटात इंजिन घुमत होतं. वरची सपाटी आली, ऐनाचं झाड दिसलं, आणि बरोबर त्याच्या सावलीत इंजिन बंद झालं. एकदम. रानातले किडे किरकिरताना ऐकू आले. माझी बोटं सीटमध्ये रुतली.

"बंद पडली?"

"न्हाय, भावजी. नुसती गप झालीय."

आणि खरंच चाकं चालत होती. झाड काचेवरून सरकत सरकत पाठी गेलं. त्या शांततेत माझ्या डाव्या मांडीशी बारीक फुंकर ऐकू आली, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. गोधडीचा काठ जाळीवर गेला होता.

"काठ उचला तेवढा," जनू म्हणाला. "तिला श्वास लागतो."

मी काठ उचलून मांडीवर घेतला. जनू आरशात बघत होता, पण माझ्याकडे नाही. माझ्या शेजारी. आणि माझ्याशी कधी बोलला नसेल इतक्या हळू म्हणाला, "ताय, गेलो बघ पुढं."

मी मधोमध बसलो होतो. जरा उजवीकडे सरकून बसलो.