एव्हान्थियाची तीन वयं

मेसेज आला तेव्हा एव्हान्थियाचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते, आणि तिथेच सगळा घोळ झाला. किमी नावाच्या ग्रीक गावातल्या तिच्या सासरच्या बेकरीत फोन एकच, गल्ल्याशेजारी ठेवलेला. औषधांच्या चिठ्ठ्या फोनवर येऊ लागल्या तेव्हा सासूबाई कालिओपींनी घरातल्या सगळ्यांच्या नावापुढे हाच नंबर देऊन टाकला होता. फोन वाजला की रांगेतल्या ज्याचे हात कोरडे असतील त्याने मेसेज मोठ्याने वाचायचा, हा दुकानाचा रिवाज. त्या दिवशी रांगेत पहिली उभी होती पागोना, आणि तिला काही वाचायला देणं म्हणजे गावभर दवंडी पिटणं.

“‘एव्हान्थियाबाई, आपल्यासाठी स्तनांच्या कर्करोगाची मोफत तपासणी उपलब्ध आहे...’” पागोनाने चष्मा कपाळावर सरकवला. “अगं बाई! ही पन्नाशीची झाली की!”

“कोण पन्नाशीची?” भट्टीजवळच्या उबदार खुर्चीतून कालिओपींनी विचारलं.

“तुमची सून! हा मेसेज पन्नाशीलाच येतो. माझ्या बहिणीला आला, वहिनीला आला.”

“चुकून आला असेल,” एव्हान्थिया घाईघाईने म्हणाली. “मी बेचाळीसची आहे.”

“सरकारला काय तुझं वय स्वप्नात दिसलं?”

रांग खदखदून हसली. एव्हान्थिया मात्र कणकेच्या गोळ्याला असं बदडू लागली की जणू मेसेज त्यानेच पाठवला होता.

खरं तर ती बेचाळीसचीही नव्हती आणि पन्नासचीही नव्हती. ती होती पंचेचाळीसची. किमीत माणसं वाढदिवस नाही, नामदिन साजरा करतात. आपल्या नावाच्या संताचा दिवस दरवर्षी येतो, पण यंदाचा कितवा असं कुणी विचारत नाही. अशा गावात दोन-तीन वर्षं सहज पचतात. अठरा वर्षांपूर्वी लग्न जुळवणाऱ्या मावशीने “मुलगी चोवीसची” असं सांगून टाकलं होतं, कारण नवरामुलगा स्त्रातोस पंचवीसचा होता आणि एव्हान्थिया सत्तावीसची. तेव्हा खाल्लेली ती तीन वर्षं आजपर्यंत कुणाच्या पोटात दुखली नव्हती.

कालिओपी बोटांवर हिशोब करत होत्या. हिशोब संपला तशा त्या ताडकन उभ्या राहिल्या. “म्हणजे लग्नात तू बत्तीसची? माझ्या पोराच्या गळ्यात सात वर्षांनी मोठी बाई बांधली?”

“नाही हो आई!”

“मग ओळखपत्र दाखव.”

इथे एव्हान्थियाची पंचाईत झाली. ओळखपत्र दाखवावं तर पन्नास खोटं ठरणार, पण त्याचबरोबर बेचाळीसही खोटं ठरणार. “कुठे ठेवलंय ते शोधते,” म्हणून तिने वेळ मारून नेली, आणि कालिओपींना काय समजायचं ते समजलं.

दुपारपर्यंत बातमी बंदरापर्यंत पोहोचली. पाद्र्यांच्या बायकोने येऊन दोन्ही गालांचे मुके घेतले आणि “दिसत नाहीस हो पन्नासची!” असं म्हणून जखमेवर मीठ चोळलं. मासेवाल्याने हाडांसाठी चांगले म्हणून सार्डिन फुकट दिले. अथेन्सहून चुलतबहिणीचा फोन आला. पन्नाशीची मेजवानी आहे आणि आपल्याला बोलावणं नाही, म्हणून ती रडतच होती.

दुकान दुपारचं बंद करायच्या वेळी स्त्रातोस कोरा केक घेऊन आला. “महिला मंडळाची ऑर्डर आहे. पागोना संध्याकाळी न्यायला येईल. यावर क्रीमने आकडा घाल.”

“कोणता?”

“पन्नास.”

“आणि केक कुणासाठी?”

स्त्रातोसने खांदे उडवले आणि तो भट्टीमागे दिसेनासा झाला. बायकोला कळू द्यायचं नाही असं मंडळाने बजावलं होतं बिचाऱ्याला. पण त्या दुकानात क्रीमचं काम करणारा हात एकच होता, हे मंडळाच्या लक्षातच आलं नव्हतं.

तेवढ्यात औषधवाला आंतोनिस शेवटची पावाची लादी घ्यायला आला. त्याला एकटं गाठून एव्हान्थियाने हळूच विचारलं, “हे पन्नाशीचे मेसेज चुकून जातात का हो कधी?”

“पन्नाशी गेली आता. वय खाली आणलंय. पंचेचाळीस भरली की बोलावतात,” तो म्हणाला. “आला असेल तर जा बाई. उगाच अंगावर काढू नकोस.”

तो गेला तरी एव्हान्थिया हातात क्रीमची पिशवी घेऊन तशीच उभी राहिली. तिच्या आईला गाठ लागली तेव्हा आई पन्नासची होती, आणि एक्कावन्नावं तिने पुरं केलं नाही. तेव्हापासून एव्हान्थिया मनातल्या मनात पन्नासपर्यंतची वर्षं मोजत होती. तपासणी तेव्हाच होणार म्हणून मोजत होती, आणि तोवर उशीर झाला तर या भीतीनेही मोजत होती. आपणहून डॉक्टरांकडे जायची हिंमत तिला कधी झाली नाही. आणि आज सरकारने स्वतःहून पाच वर्षं आधीच हाक मारली होती, तर ती काय म्हणाली? चुकून आलाय! तिला स्वतःचाच राग आला. आता जायचं म्हणजे मेसेज खरा आहे असं कबूल करायचं, आणि ते कबूल केलं की बेचाळीस गेले.

“गेले तर गेले,” ती मोठ्याने म्हणाली आणि क्रीमची पिशवी दाबली.

संध्याकाळी अख्खं मंडळ दुकानात जमलं. पागोनाने टाळ्या वाजवत खोक्याचं झाकण काढलं आणि टाळ्या अर्ध्यावरच थांबल्या. केकवर गुलाबी अक्षरांत चांगला हातभर आकडा होता. पंचेचाळीस.

“स्त्रातोस, चुकलं रे तुझं!” पागोना ओरडली.

“त्याचं नाही चुकलं,” एव्हान्थिया म्हणाली. “मी पंचेचाळीसची आहे. मेसेज बरोबर आहे, आता पंचेचाळिशीलाच येतो. आणि मी तपासणीला जाणार आहे. माझी आई गेली तशी मला जायचं नाही.”

सगळ्यांचे डोळे कालिओपींकडे वळले. त्या पुन्हा बोटांवर मोजत होत्या.

“म्हणजे पोरापेक्षा दोनच वर्षांनी मोठी?” त्यांनी विचारलं.

“दोनच, आई.”

“सकाळपासून मी सात धरून बसले होते!” कालिओपींनी खुर्चीत अंग टाकलं. “अगं, पाच वर्षं वाचली की! काप तो केक!”

“आणि तू रे?” एव्हान्थिया नवऱ्याकडे वळली. “तुला धक्का नाही बसला?”

“लग्नाच्या कागदावर सही कुणी केली? मी,” स्त्रातोस म्हणाला. “जन्मतारीख तिथेच होती. वाचता येतं मला.”

“अठरा वर्षं गप्प बसलास?”

“तू खूश होतीस ना.”

पुढच्या मंगळवारी ती बसने हाल्किदा शहरातल्या दवाखान्यात निघाली. कालिओपी आपणहून बरोबर आल्या, वाटभर तिचा हात धरून बसल्या आणि एकदाही वयाचा विषय काढला नाही. तपासणी पाच मिनिटांत आटोपली. डॉक्टरीणबाईंनी चित्रं तिथल्या तिथे पाहिली आणि म्हणाल्या, “अगदी व्यवस्थित आहे सगळं. दोन वर्षांनी या.” एव्हान्थियाला तिथेच रडू फुटलं. इतकी वर्षं मुठीत धरलेला जीव सुटल्यासारखं तिला वाटलं.

डोळे पुसून ती बाहेर आली, तर कालिओपींची खुर्ची रिकामी.

“माझ्या सासूबाई कुठे गेल्या?”

“आत आहेत, तपासणीला,” टेबलामागची नर्स म्हणाली. “त्यांचंही आमंत्रण पडून होतं की. त्र्याहत्तरच्या आहेत, बसतात नियमात.”

“त्र्याहत्तर?” एव्हान्थिया जागच्या जागी थिजली. सासरे गेल्यावर “माझ्या वयाला भट्टीपुढे उभं राहवत नाही” असं म्हणून कालिओपींनी वय चढवून ती उबदार खुर्ची धरली होती, आणि गावाच्या हिशोबाने त्या आज अठ्ठ्याहत्तरच्या होत्या.

पडदा बाजूला झाला. कालिओपी कोटाची बटणं लावत बाहेर आल्या. सुनेकडे त्यांनी पाहिलंच नाही.

“काय निघालं, आई?”

“काही नाही निघालं. दगडासारखी आहे मी.” मग नर्सकडे वळून त्या म्हणाल्या, “दोन वर्षांनी पुन्हा यायचं ना?”

“आजी, तेव्हा तुम्ही पंच्याहत्तरच्या व्हाल. आमंत्रण चौऱ्याहत्तरपर्यंतच येतं.”

कालिओपी जिना उतरल्या. रस्त्यावर आल्यावर त्यांनी सुनेच्या हातात हात घातला आणि आवाज खाली आणला.

“सूनबाई, तू ती तीन वर्षं नक्की कशी खाल्लीस, ते मला बसमध्ये नीट समजावून सांग.”