पहिल्या चवथीचं ओझं

पूनम श्रावणात माहेरी आली, चहाचा कप हातात घेतला आणि सहज म्हणाली, "बाबा, हर्षाचे बाबा चवथीक बेळगावचो कुंदो हाडतले म्हणतात." त्या क्षणी तिच्या बापाच्या, बाबली गावसाच्या, तोंडचा चहा जो कडू झाला, तो चवथ सरेपर्यंत.

गोव्यातल्या चोपड्याला एकाच मांडवात दोन भावांची लग्नं लागली होती. थोरल्याला कारापूरच्या बाबलीची पूनम, धाकट्याला फोंड्याच्या सगुणशेटची हर्षा. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मुलीच्या माहेरून सासरी ओझं जातं. मोठा हारा, म्हणजे टोपला, त्यात फळं-फराळ, वर लाल फडका. हारा गणपतीपुढे उघडायचा आणि आतला फराळ वाड्यावर घरोघर वाटायचा. म्हणजे लोक ओझं एक दिवस खातात आणि वर्षभर चघळतात. चोपड्याच्या घरात निकाल द्यायची चंद्रावतीआजी, जावयांची आजी, वय पंच्याऐंशी. 'ओझं म्हणजे अमक्याचं' असं ती एकदा म्हणाली की पुढच्या चवथीपर्यंत गावात दुसरं मत नाही. ते एक वाक्य बाबलीला पूनमसाठी हवं होतं. निदान तो तरी 'पूनमसाठी' असंच म्हणत होता.

एरवी बाबली देवभोळा, मायाळू माणूस. गळ्यात तुळशीची माळ, आणि कीर्तनाचं वेड. वर्तमानपत्रात कीर्तनाची बातमी दिसली की तो तिच्याभोवती तांबड्या पेन्सिलीनं गोल काढी आणि डिचोली म्हणू नका, पेडणे म्हणू नका, जाऊन पहिल्या रांगेत बसे. बुवांनी प्रश्न टाकावा आणि बाबलीनं उत्तर द्यावं, हे ठरलेलं. पारिजातकाचं आख्यान तर त्याला पाठ. कृष्णानं स्वर्गातलं झाड आणून लावलं सत्यभामेच्या अंगणात आणि फुलं पडू लागली सवतीच्या, रुक्मिणीच्या अंगणात. दर वेळी डोळे पुसून बाबली म्हणे, "इतकी शाणी बायल, पण मत्सरान खाल्ली तिका." दुसऱ्याच्या मत्सराचं त्याला फार वाईट वाटे.

पण सगुणशेटची गोष्ट वेगळी. मे महिन्यात गोवा घटक राज्य झालं तेव्हा सगुणशेटनं चोपड्याला पेढे पाठवले आणि बाबलीनं मयड्याची केळी. आजीनं खाल्ली केळी, कारण तिला दात नव्हते. नाव मात्र पेढ्यांचं झालं. त्या दिवसांत सारा गोवा मराठी की कोकणी म्हणून भांडत होता. बाबलीला त्यात पडायला सवड नव्हती. त्याच्या डोक्यात आधी पेढे होते, आता कुंदा आला.

"आणि तुमची आजी बरी मगो?" त्यानं पूनमला विचारलं.

"बरी आसा. दोतोरान जेवल्यावर दोन चमचे पोर्ट वाइन घेवक सांगलां. बाटली संपली त्याका महिनो झालो. घरात सगळे म्हणतत, फाल्यां हाडूं. तो उद्यां काय उजाडना."

बाबलीनं कप खाली ठेवला. चेहऱ्यावर असं तेज आलं की वत्सलेला, त्याच्या बायकोला, वाटलं ह्यांना कुठल्या तरी कीर्तनाची बातमी मिळाली.

दुसऱ्याच दिवशी तो म्हापशाला गेला. माळ सदऱ्याच्या आत, पाऊस नसताना छत्री उघडी, कारण कारापूरचं कुणी भेटू नये. बाजारातल्या तिसऱ्या दुकानात तो शिरला तोच मुळी पाठमोरा.

"कोणाक जाय?" दुकानदारानं विचारलं.

"देवमाणसाक."

"देवमाणसां फेणी घेतात."

"नाय हो. म्हातारी बाई. औषध म्हणून."

"मग ही व्हर. गोड आसा, खोकल्याकय चलता."

बाबलीनं बाटली उलटसुलट केली. "ह्याच्यापेक्षा बरी नाय? फोंड्यात कोणाक मिळूची नाय अशी?"

दुकानदारानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "बाबा, वाइन म्हातारेक दिवपाची, काय फोंड्याक?"

बाबलीनं दोघांसाठी पुरेल अशी निवडली. गोल पोटाची, गळ्याला सोनेरी कागद. घरी येऊन ती त्यानं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि वत्सलेच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, हाऱ्यात रचून व्हायच्या आधी तळाला सरकवली. वरवर उघडून झाला की हारा आत जाईल, तिथं ती आजीच्या हातात गुपचूप द्यायची, असा त्याचा बेत. वत्सलेला काही सांगितलं नाही. तिनं आयुष्यभर त्याच्या माळेचं कौतुक केलं होतं.

बाबली आणि सगुणशेट, दोघांच्याही घरचे गणपती दीड दिवसाचे आणि चोपड्याचा पाच दिवसांचा, म्हणून ओझी तिसऱ्या दिवशी न्यायची असं ठरलं. शिवोलीच्या काठावर, नदीपलीकडच्या चोपड्याला जाणाऱ्या फेरीबोटीसाठी, गाड्यांची ही रांग. सगुणशेटनं आपली पांढरी गाडी तिथंच सोडली होती आणि हारा घेऊन तो फेरीबोटीत उभा होता. बाबलीनं नाइलाजानं आपला हारा त्याच्या हाऱ्याशेजारी टेकवला.

"पाव्हणे, हारो जड दिसता," सगुणशेट म्हणाला.

"घरच्या नेवऱ्यो. तुपाचो भार."

"आमचें सगळें बेळगावचें. घरच्या बायलांक कित्याक त्रास?"

असं म्हणून सगुणशेट काठावरच्या ड्रायव्हरला हाका मारायला कठड्याकडे गेला. वत्सला बाबलीच्या कानाशी आली. "आयकलां? नेवऱ्यो बऱ्यो जाल्यो म्हणून बरां. आजी आपल्या हातान हारो रितो करता म्हणे, गणपतीफुडें. आणि दनपारां हरीबुवांचां कीर्तन, म्हणजे बुवाय थंय बसलेले आसतले."

"सगळो रितो करता?"

"तळाच्या पानापर्यंत. कित्याक?"

"काय नाय," बाबली म्हणाला, आणि त्यानं हाऱ्यावरचा फडका घट्ट धरला. वर टांगलेली फळांची माटोळी, समोर गणपती, बाजूला हरीबुवा, आणि माळकरी बाबलीच्या हाऱ्यातून निघते बाटली! चवथीत ज्या घरात मासळीचं नावसुद्धा घेत नाहीत, त्या घरात. पूनमनं तोंड कुठं लपवावं?

वत्सलेची पाठ वळताच तो फडका सारखा करायच्या निमित्तानं वाकला, नेवऱ्यांखाली हात घातला आणि पुडकं बाहेर काढलं. नदीत टाकावं तर कठड्याशी सगुणशेट. धोतरात लपवावं तर बाटलीचं पोट गोल. तेवढ्यात त्याची नजर शेजारच्या हाऱ्यावर गेली. सत्यभामेला निदान नारदानं फूस लावली होती. बाबलीला नारदही लागला नाही. कुंद्याचे डबे बाजूला झाले, बाटली तळाला गेली, फडका पूर्ववत झाला, आणि बाबली "रामकृष्णहरी" म्हणत सरळ उभा राहिला.

चोपड्याच्या घरात माणूस मावत नव्हतं. आजी गणपतीपुढे पाटावर बसली होती. थोरल्या सुनेचं ओझं आधी, म्हणून पूनमचा हारा पुढे आला. आजीनं नेवरी मोडून तोंडात घोळवली. "बरी आसा. तूप चोरूंक नाय." वत्सला फुलली. बाबलीनं मनात म्हटलं, आता पुढचा हारा, आणि मग ते वाक्य आपलंच.

सगुणशेटच्या हाऱ्यातून कुंदा निघाला, बदामी हलवा निघाला. आजी एकेक डबा मागे देत गेली. मग तळातून पुडकं आलं. बाबलीनं डोळे मिटून हात जोडले. कागद सुटला. हरीबुवांच्या हातातले टाळ हलायचे थांबले.

आजीनं बाटली डोळ्यांशी धरली. बूच हुंगलं.

"पोर्ट," ती म्हणाली.

तिनं बाटली मांडीवर घेतली.

"घरात चेडे आसत, नातू आसत. महिनोभर फाल्यां, फाल्यां. आणि हो सगुण फोंड्यासून..." तिनं हर्षाला जवळ ओढलं आणि डोक्यावरून हात फिरवला. "ओझां म्हणजे सगुणाचां."

"औषधाक विटाळ नाय, आजी," हरीबुवा म्हणाले, आणि घर मोकळेपणी श्वास घेऊ लागलं.

सगुणशेटनं आधी बाटलीकडे पाहिलं, मग आपल्या हाऱ्याकडे. पण तो दुकानदार माणूस. आपल्या फळीवर माल दिसला की तो आपलाच, हे तो बाळपणापासून शिकला होता. त्यानं हात जोडले. "म्हाताऱ्या माणसाची याद दवरूंक जाय."

बाबलीनं आता बोलावं तर काय बोलावं? बाटली माझी आहे म्हणावं, तर ती सगुणशेटच्या हाऱ्यात चालत गेली का, हेही सांगावं लागणार. तिकडे पूनम खाली पडलेला कागद उचलत होती. उचलता उचलता थांबली. कागदावर कीर्तनाची एक बातमी होती आणि तिच्याभोवती तांबड्या पेन्सिलीचा गोल. तिनं बापाकडे पाहिलं. बापानं मान वर करून माटोळीतले नारळ मोजायला घेतले. पूनमनं कागदाची घडी घातली आणि कमरेला खोचली.

दुपारी कीर्तन उभं राहिलं. बाबली सवयीनं पहिल्या रांगेत बसला. सगुणशेट सरकत सरकत शेजारी आला आणि समोर बघत हळूच म्हणाला, "पाव्हणे, आजी म्हणता, दर चवथीक हीच बाटली हाडूंक जाय. ही खंय मेळता?"

बाबली पुटपुटला, "म्हापशां. बाजारात, तिसरां दुकान."

"पारख बरी तुमची," सगुणशेट म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, हेच बाबलीला अधिक लागलं.

हरीबुवांनी नमन संपवलं, निरूपण केलं आणि उपरणं सावरून आख्यानाला हात घातला. आख्यान पारिजातकाचं. नारद आले, फूल आलं, सत्यभामा रुसली, झाड आलं. जिथं एरवी बाबलीचे डोळे भरायचे, तिथं तो आज खाली मान घालून चटईची काडी उपटत होता. ते बुवांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी टाळ थांबवले.

"आमचे बाबलीबाब आज गप्प का? अहो, तुमच्याशिवाय माझं कीर्तन पुढे कसं जायचं? सांगा मंडळींना. झाड लावलं सत्यभामेच्या अंगणात. पण फुलं पडली कुठं?"

सगळ्या घराचे डोळे बाबलीवर. दाराशी पूनम, कमरेला कागद. मागे आजी, मांडीवर बाटली. शेजारी सगुणशेट, हात जोडलेले.

बाबलीनं मान वर केली.

"फोंड्यात," तो म्हणाला.